गोगलगाय, पोटात पाय. पण तोंडात काय?

प्राणी खातो कसा, हा प्रश्न पोरकट वाटतो. तोंड उघडलं, घास घेतला, गिळला, संपलं. पण घास आत ओढणारा स्नायू कोणता, त्याला हुकूम कुठून येतो, आणि नको असलेला घास बाहेर काढायचा झाला तर तेच स्नायू काय करतात, असं एकेक विचारत गेलं की हुशार माणसं या एका कामात आयुष्य का घालवतात ते कळायला लागतं. ज्यांना या विषयात शिरायचंय त्यांच्यासाठी हा लेख आहे: बीएस्सी-एमएस्सीचे विद्यार्थी, जीवशास्त्राकडे वळू बघणारे इंजिनिअर, किंवा नुसते हौशी. काचेच्या डबीपासून प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रोडपर्यंत ज्या क्रमानं जावं असं मला वाटतं, त्याच क्रमानं लिहिते आहे. मी स्वतः उलट्या क्रमानं गेले होते.

ते आधी सांगून टाकते. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत मी समुद्री सशावर काम करायला गेले. हा ससा म्हणजे बाहेरून शंख न दिसणारी, वीतभर लांबीची समुद्री गोगलगाय. डोक्यावरच्या दोन शिंगांमुळे तिला ससा म्हणतात. पहिले चार महिने मी तिच्या तोंडाकडे जाणाऱ्या चेतातंतूंमधले विद्युत संदेश टिपत होते. पडद्यावर दर काही सेकंदांनी संदेशांचा झुपका यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. मी त्याखाली झोकात लिहायचे, ‘गिळणं’. एके दिवशी माझ्या गाइडनी तो आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, “पट्टी कुठे गेली?” पट्टी म्हणजे जनावराला दिलेली शेवाळाची पट्टी. ती आत गेली, बाहेर आली, की होती तिथेच राहिली? मला सांगता येईना. मी कॅमेरा लावलाच नव्हता. चार महिन्यांच्या नोंदी पाण्यात.

म्हणून आधी तोंड बघायचं, मेंदू नंतर.

जनावर कोणतं घ्यावं

संशोधनात या कामासाठी सगळ्यात घासूनपुसून वापरलेला प्राणी म्हणजे हाच समुद्री ससा, ॲप्लिसिया. एरिक कॅन्डेल यांना २००० साली स्मरणशक्तीच्या कामासाठी नोबेल मिळालं ते याच जनावराच्या जोरावर. पण त्यांचं लक्ष तिच्या कल्ल्यावर होतं. तोंडाकडे नीट वळले ते त्यांचेच सहकारी आयर्विंग कुफरमान, १९७०च्या दशकात. पुढे क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात हिलेल कील यांनी चेतापेशी आणि स्नायू एकत्र ठेवून बघायची शिस्त लावली.

हीच का? माणसाच्या मेंदूत चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी, फळमाशीच्या मेंदूत सुमारे १,३९,०००, आणि ॲप्लिसियाच्या अख्ख्या मध्यवर्ती चेतासंस्थेत वीस हजारांच्या आत. त्यातल्या काही इतक्या मोठ्या की साध्या सूक्ष्मदर्शीखाली नारिंगी मण्यांसारख्या दिसतात. आणि खरी चैन पुढेच आहे: पेशींना नावं आहेत. बी ८ नावाची पेशी माझ्या जनावरात जिथे आहे, तिथेच ती तुमच्या जनावरात असते आणि तेच काम करते.

आपल्याकडे नवशिक्याला ॲप्लिसिया मिळणं अवघड. थंड खारं पाणी, साधारण १५ अंशांच्या आसपास, बारा महिने राखायचं म्हणजे चिलरचा खर्च आला. अमेरिकेत मायामी विद्यापीठात तिची पैदास करणारं राष्ट्रीय केंद्र आहे. तिथून थंड पेट्यांमधून जनावरं प्रयोगशाळांना जातात. तुम्ही सुरुवात करा मत्स्यालयाच्या काचेवरच्या फुकटच्या गोगलगाईपासून. पाणवनस्पती विकत आणली की तिच्याबरोबर ती येतेच, आणि दुकानदार वैतागून हवी तेवढी देतो. इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठात लिम्निया नावाच्या तळ्यातल्या गोगलगाईच्या खाण्यावर अनेक दशकं काम झालंय, आणि तुमच्या काचेवरची गोगलगाय तिच्याच लांबच्या नात्यातली असण्याची शक्यता बरीच.

दोन गोष्टी मात्र कडक शब्दांत. ओढ्या-तळ्यातून उघड्या हातानं गोगलगाई गोळा करू नका. कित्येक जातींमध्ये पर्णकृमींची पिल्लं वाढतात आणि त्यातली काही माणसाच्या कातडीतून शिरतात. ही परदेशातली भीती नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात गोगलगाईंमार्फत पसरणाऱ्या अशाच कृमीरोगाची नोंद १९५२ साली झाली होती. दुसरी गोष्ट, पावसाळ्यात बांधावर दिसणारी मोठी शंखी गोगलगाय. ही मूळची आफ्रिकेतली; २०२२ साली लातूर, बीड, उस्मानाबादच्या सोयाबीनवर जिनं धाड घातली तीच. तोंड मोठं असल्यानं तिचा मोह होतो, पण मेंदूपर्यंत जाणारा एक गोलकृमी तिच्यात असू शकतो. हातमोजे आणि नंतर साबण, यात तडजोड नाही. आणि काम झाल्यावर ती कुणाच्या बागेत सोडायची नाही. एका खेपेला शेकडो अंडी घालते.

काच, आरसा आणि मोबाईल

आता खरं काम. झाकणाची पारदर्शक डबी घ्या, पेट्री डिश असेल तर उत्तम. नळाचं पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मग वापरा, म्हणजे क्लोरीन उडून जातं. गोगलगाय डबीच्या तळाच्या काचेवर चालायला लागली की तुम्हाला खालून तिचं तोंड बघायचंय. दोन उंच पुस्तकांवर डबी आडवी ठेवा, खाली तिरका आरसा, आरशाकडे मोबाईल. उजेड बाजूनं द्या. समोरून दिला तर काच चमकते आणि काहीच दिसत नाही.

नुसत्या काचेवर ती फारसं तोंड हलवणार नाही, तिला कारण लागतं. एक युक्ती माझ्या आवडीची. किराणा दुकानात चायना ग्रास मिळतं, तेच अगर. पालक उकळून त्याचं हिरवं पाणी गाळून घ्या, १०० मिलिलिटरला १ ग्रॅम चायना ग्रास टाकून विरघळेपर्यंत उकळा, आणि कोमट झाल्यावर डबीच्या तळाला पातळ थर ओता. घावनाइतका पातळ. तो पारदर्शकच राहतो, आणि गोगलगाय त्यावर चालली की काही मिनिटांत चाटायला लागते. वेळ असेल तर त्याहून सोपं: काचपट्टी पाण्यात उन्हाला आठ-दहा दिवस ठेवा, तिच्यावर हिरवा पापुद्रा आपोआप धरतो.

मग काय दिसतं? आधी ओठ पुढे येतात आणि मधली चीर रुंदावते. आतून गोळ्यासारखं काहीतरी काचेकडे सरकतं. त्या गोळ्यावर ताणून बसवलेली पट्टी म्हणजे रॅड्युला, बारीक दातांची कानस. ती काचेला टेकते, पुढच्या दिशेनं ओरखडा काढते, आणि तोंड मिटता मिटता गोळा आत जातो. क्षणभर काही नाही. मग पुन्हा. शास्त्रीय लिखाणात याचे तीन टप्पे करतात: पुढे येणं, खरवडणं, गिळणं. पहिल्या दिवशी तुम्हाला तीन दिसणार नाहीत, एक धूसर उघडझाप दिसेल. दहाव्या व्हिडिओनंतर तीन दिसायला लागतात. हे डोळे तयार होणं पुस्तकातून होत नाही.

व्हिडिओ साधा, सेकंदाला ३० चित्रांचा असला तरी चालतो. एक चाटणं दोन सेकंदांचं धरलं तर ६० चित्रं मिळतात, तेवढी पुष्कळ. एकेक चित्र पुढे सरकवत प्रत्येक चाटण्याचे चार क्षण लिहा: तोंड उघडायला लागलं, रॅड्युला काचेला टेकली, रॅड्युला सुटली, तोंड मिटलं. एक्सेलमध्ये चार रकाने. पन्नास चाटण्यांची नोंद हातानं करा. हे काम करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण ती नंतर. ज्यानं पन्नास स्वतः मोजली नाहीत त्याला सॉफ्टवेअर कुठे चुकतंय ते कळत नाही.

नोंदी झाल्या की एक गंमत लक्षात येईल. चाटण्याचा एकूण वेळ बदलतो, पण तीनही टप्पे सारख्या प्रमाणात ताणले जातात असं नाही. कोणता टप्पा लांबतो आणि कोणता जवळजवळ तेवढाच राहतो, ते लिहून ठेवा. पुढे चेतापेशींकडे गेलात की हाच आकडा कामाला येतो.

भूक हाही एक मोजायचा आकडा

नवशिक्यांची नोंदवही बहुतेक वेळा इथे बिघडते. आज गोगलगाय भराभर खाते, उद्या बघतही नाही, आणि विद्यार्थी म्हणतो, “डेटा खराब आहे.” डेटा खराब नसतो. सोमवारी तिचं पोट रिकामं होतं, मंगळवारी भरलेलं. प्रयोगाआधी ठरावीक काळ उपाशी ठेवा, एक दिवस किंवा दोन, पण प्रत्येक वेळी तेवढाच. पाण्याचं तापमानही लिहा.

कुफरमान यांनी ॲप्लिसियात दाखवलं की पहिला घास मिळायच्या आधी नुसता अन्नाचा स्पर्श झाला की जनावर ‘जागं’ होतं. त्यानंतरचे चावे लवकर लवकर येतात, जोर वाढतो, आणि पोट भरत गेलं की सगळं मंदावतं. यामागे जी रसायनं आहेत त्यात सेरोटोनिन ठळक. मेंदूत सेरोटोनिन सोडणारी एक जोडी मोठ्या पेशींची आहे. ती जोडी काढून टाकली तर जनावर चावतं, पण सावकाश. चावण्याची लय त्या पेशी निर्माण करत नाहीत, वेग आणि जोर वाढवतात. तबल्याचा ठेका एकानं धरलाय आणि दुसरा लय चढवतोय, तसं काहीसं.

त्यामुळे मोजायच्या गोष्टी दोन: अन्न टेकल्यापासून पहिल्या चाटण्यापर्यंत लागलेला वेळ, आणि त्यानंतर मिनिटाला किती चाटणी. लिम्नियात साखरेचं पाणी दिल्यावर दर तीन-चार सेकंदांना एक असा वेग दिसतो. तुमच्या जातीचा वेगळा असेल; तुलना आधी स्वतःच्याच आदल्या आठवड्याशी करा.

जिभेतलं यंत्र

मेलेली गोगलगाय फेकू नका. तिच्या डोक्यातला लालसर, घट्ट गोळा काढा. हाच तोंडाचा स्नायुगोळा, यालाच बकल मास म्हणतात. ॲप्लिसियात तो चांगला लिंबाएवढा होतो आणि लाल दिसतो, कारण आपल्या स्नायूंसारखंच त्यात मायोग्लोबिन असतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो १० टक्के कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) द्रावणात ठेवा. हात आणि डोळे सांभाळा, द्रावण दाहक असतं. मांस विरघळतं आणि कायटिनची रॅड्युला तेवढी उरते. धुऊन काचपट्टीवर पसरली की सूक्ष्मदर्शीखाली दातांच्या रांगा दिसतात, शेतातल्या सऱ्यांसारख्या एकाखाली एक. पुढचे दात झिजलेले, मागचे नवे कोरे; मागून नवी रांग तयार होत पट्टी सतत पुढे सरकत असते. खडकाला चिकटून राहणाऱ्या लिम्पेट या जातीत तर दातांमध्ये गोएथाइट हे लोहखनिज असतं, आणि २०१५ साली मोजल्यावर तो सजीवांमध्ये सापडलेला सर्वांत मजबूत पदार्थ ठरला.

इथे एक फरक नीट समजून घ्या. तुमच्या घरच्या गोगलगाईची जीभ खरवडते. ॲप्लिसियाची जीभ पकडते: रॅड्युला मधोमध दुमडून चिमट्यासारखी मिटते, शेवाळाची पट्टी धरते आणि आत ओढते. पुढे जे सांगणार आहे ते या चिमट्याबद्दल.

चिमट्याला हालचाली दोनच. पुढे-मागे आणि उघड-मीट. पुढे नेणारा एक पातळ स्नायू, नाव आय २. मागे आणणारे जबड्याचे जाड स्नायू, आय १ आणि आय ३. मिटवणारा आय ४. आता मांडणी बघा. चिमटा उघडा पुढे गेला, मिटला, मिटलेला मागे आला: घास आत. मिटलेला पुढे गेला, उघडला, उघडा मागे आला: घास बाहेर. स्नायू तेच, हालचाली त्याच, फक्त मिटायची वेळ सरकली. पट्टी कुठे गेली, या प्रश्नाचं उत्तर एवढ्यात आहे, आणि ते समजायला मला चार महिने लागले.

यंत्राचा भाग इथेच संपत नाही. चिमटा मागे आणायला नेहमी स्नायू आकसावाच लागतो असंही नाही. गोळ्याच्या मुळाशी बिजागरीसारखा एक भाग आहे. चावताना चिमटा खूप पुढे जातो, तेव्हा ही बिजागरी ताणली जाते आणि दाराला लावलेल्या स्प्रिंगसारखी त्याला आपोआप मागे खेचते. गिळताना चिमटा तितका पुढे जात नाही, बिजागरी पुरेशी ताणली जात नाही, आणि सगळा भार जबड्याच्या स्नायूंवर येतो. हे कील यांच्या गटानं २००४ साली मोजून दाखवलं. म्हणजे एकाच स्नायूला दिलेला तोच हुकूम, पण चिमटा कुठे उभा आहे त्यावर परिणाम ठरतो. नुसते चेतापेशींचे आलेख बघणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

शिवाय स्नायू आळशी असतात. चेतापेशीचा एक ठोका काही मिलिसेकंदांचा, पण या स्नायूंचा जोर चढायला आणि उतरायला सेकंदाच्या हिशेबात वेळ लागतो. त्यामुळे पडद्यावर हुकूम थांबलेला दिसतो तेव्हा हालचाल अजून चालूच असते. व्हिडिओ आणि विद्युत नोंद यांची घड्याळं एकच नसतील तर तुम्ही कारणाला परिणाम समजून बसाल. सोपा उपाय: कॅमेऱ्यासमोर एक एलईडी ठेवा आणि तिला लागणारा विद्युतदाब नोंदयंत्राच्या एका वाहिनीत द्या. दिवा लागला तो क्षण दोन्हीकडे सापडतो.

घरी करता येईल असा जोर-प्रयोग: चायना ग्रास १ टक्क्याऐवजी २ टक्के घालून थर टणक करा आणि तीच गोगलगाय, तेवढीच भूक, पुन्हा पन्नास चाटणी मोजा. खरवडायचा टप्पा बदलतो का? ॲप्लिसियात पट्टी मागून ओढून धरली तर गिळण्याची फेरी लांबते आणि जास्तीच्या चेतापेशी ठरलेल्या क्रमानं कामाला लागतात, हे प्रसिद्ध झालेलं आहे.

इलेक्ट्रोडकडे जायची वेळ

इथून पुढे प्रयोगशाळा हवी आणि शिकवणारं माणूस हवं. संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीला आधी विचारा. बिनकण्याच्या प्राण्यांबद्दल नियम सैल असले तरी सवय आपली आपण कडक ठेवावी. ॲप्लिसियाला भूल देण्यासाठी मॅग्नेशियम क्लोराइडचं समुद्राच्या पाण्याशी समतोल द्रावण वापरतात: लिटरमागे स्फटिकी हेक्साहायड्रेट साधारण ६८ ग्रॅम. जनावराच्या वजनाच्या निम्मं, म्हणजे ३०० ग्रॅमच्या जनावराला सुमारे १५० मिलिलिटर टोचायचं. ते फुगलेल्या पिशवीसारखं लोळत पडतं. पहिल्यांदा बघताना मेलं असं वाटतं. मेलेलं नसतं.

नोंद घ्यायची तार केसाहून पातळ असते: लेप दिलेली स्टेनलेस स्टीलची, २५ मायक्रोमीटर जाडीची. टोकाचा लेप खरवडून तिचा आकडा करायचा, तो चेतातंतूला अडकवायचा आणि जेलसारख्या सुपरग्लूनं चिकटवायचा. आपल्याकडचं पातळ फेविक्विक यात घात करतं, ओघळून तंतू जाळतं. घट्ट जेलच हवा. पहिल्या वीस तारा तुटतील. हात स्थिर होईपर्यंत सरावाला वांग्याच्या देठाजवळचे रेषे बरे पडतात, असं मला एका सीनिअरनं सांगितलं होतं. मी केलं, उपयोग झाला.

नोंद सुरू केली की भारतात पहिल्यांदा दिसेल ती जाड, एकसारखी लाट म्हणजे गोगलगाय नव्हे, वीज मंडळ. ५० हर्ट्झची गुणगुण. अमेरिकेत हीच ६० हर्ट्झची असते. मेजाभोवती धातूची जाळी, कोंबडीच्या खुराड्याची चालते, ती आणि सगळी उपकरणं एकाच ठिकाणी अर्थिंगला जोडा. एकाच ठिकाणी हे महत्त्वाचं. दोन ठिकाणी जोडलंत तर गुणगुण वाढते. ट्यूबलाइट बंद, पंखा बंद, मोबाईलचा चार्जर काढलेला. एवढं करून गेली नाही तर एकेक प्लग काढत जा. हाच मार्ग आहे, दुसरा नाही. ज्यांना ॲम्प्लिफायरची ओळखच करून घ्यायचीय त्यांनी स्पायकरबॉक्ससारखं स्वस्त यंत्र आणि झुरळाचा पाय यांच्यावर एक रविवार घालवावा.

आलेख वाचणं

पाच-पंचवीस तारा अडकवायची गरज नाही. तीन जागा पुरतात, चौथी मिळाली तर मजा.

पहिली तार आय २ स्नायूवर: ती बोलते तेव्हा चिमटा पुढे चाललाय. दुसरी रॅड्युलाकडे जाणाऱ्या तंतूवर: तिथले उंच ठोके बी ८ पेशींचे, म्हणजे चिमटा मिटतोय. तिसरी बकल तंतू २ वर: तिथले मोठे ठोके जबड्याच्या स्नायूंचे, म्हणजे चिमटा मागे येतोय. आता एका फेरीवर बोट ठेवा. पहिली वाहिनी सुरू झाली, थांबली, तिसरी सुरू झाली. दुसरी कुणाबरोबर बोलली? तिसरीबरोबर बोलली तर मिटलेला चिमटा मागे आला: गिळलं. पहिलीबरोबर बोलली तर मिटलेला चिमटा पुढे गेला: थुंकलं. डग्लस मॉर्टन आणि कील यांनी १९९३ साली हे जिवंत, खात्या जनावरात दाखवलं.

चौथी तार बकल तंतू ३ वर. तिथे सगळ्यात उंच ठोके बी ४ आणि बी ५ चे. थुंकताना या पेशी जोरात बोलतात आणि जबड्याच्या स्नायूंना थोपवून धरतात. कारण साधं आहे: चिमटा अजून मिटलेला असताना जबड्यांनी त्याला मागे दाबलं तर नको असलेला घास पुन्हा आतच यायचा. आधी चिमटा उघडू दे, मग दाबा. हा उशीर आलेखात डोळ्यांनी दिसतो, मोजपट्टीनं मोजता येतो.

थुंकणं दिसावं म्हणून जनावराला प्लास्टिकची मऊ नळी देतात. ते आधी नळी गिळायला लागतं, थोड्या फेऱ्यांनी त्याच्या लक्षात येतं आणि नळी बाहेर यायला लागते. दोन्ही वर्तनं एकाच नोंदीत मिळतात. माझ्या मते शिकाऊ माणसानं हाच प्रयोग सर्वांत आधी करावा, कारण नळीवर शाईच्या खुणा करता येतात. कुठे गेली ते कुणाला विचारावं लागत नाही.

शिकणं हाही याच तोंडाचा विषय आहे. अब्राहम सुसवाइन यांनी १९८०च्या दशकात शेवाळ प्लास्टिकच्या जाळीत गुंडाळून दिलं. जनावर गिळायला बघतं, जमत नाही, थुंकतं, पुन्हा धरतं, आणि शेवटी नाद सोडतं. दुसऱ्या दिवशी त्याच शेवाळाचा नाद लवकर सोडतं. त्यात भर म्हणजे २००२ साली ब्येर्न ब्रेम्ब्स आणि ह्यूस्टनच्या गटानं चाव्याला बक्षीस जोडलं तर बी ५१ ही एकच पेशी कशी बदलते ते दाखवलं. पण हे दुसऱ्या वर्षाचं काम. पहिल्या वर्षी नळी.

मेंदू बशीत, आणि एक्सेलमधली गोगलगाय

गुच्छिका, म्हणजे चेतापेशींचे गाठोडे, शरीरातून काढून बशीत ठेवले तरी लय चालू राहते. सूक्ष्म काचेच्या नळीनं एखाद्या पेशीत शिरून तिला बोलतं करता येतं. सीबीआय २ नावाची पेशी चेतवली की चाव्याची लय सुरू होते. हे बघताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला सांगू. पण बशीत तोंड नाही, घास नाही, ताण नाही. तिथल्या नोंदीला ‘गिळणं’ म्हणताना मी आता ‘गिळण्यासारखी रचना’ असंच लिहिते. अधलामधला मार्ग म्हणजे मेंदू आणि स्नायुगोळा जोडलेलेच ठेवून गोळा टांगायचा आणि त्याला खरी पट्टी खायला द्यायची. पेशीही हाताशी आणि घासही खरा.

गणिताकडे ओढा असलेल्यांनी २०२० साली व्हिक्टोरिया वेबस्टर-वूड, कील आणि सहकाऱ्यांनी केलेलं मॉडेल बघावं. त्यात प्रत्येक चेतापेशी फक्त चालू किंवा बंद एवढीच आहे, तरी चावणं, गिळणं आणि थुंकणं तिन्ही निघतात. त्याआधी स्वतःचं छोटं मॉडेल करा, एक्सेलमध्ये दहा मिनिटांत होतं. पहिला रकाना वेळ. दुसरा चिमट्याची जागा: वेळेची कोसाइन, म्हणजे तो पुढे-मागे झुलत राहील. तिसरा पकड: अर्धी फेरी १, अर्धी फेरी ०. चौथा पट्टीची जागा: पकड १ असेल तेव्हा पट्टी चिमट्याइतकी सरकते, ० असेल तेव्हा जागच्या जागी.

पकड चिमटा सगळ्यात पुढे असताना सुरू करा: प्रत्येक फेरीत पट्टी दोन एकक आत जाते. पकड अर्धी फेरी सरकवा: तेवढीच बाहेर येते. मग पाव फेरी सरकवून बघा. पट्टी थोडी आत जाते, तेवढीच परत येते, आणि शंभर फेऱ्यांनंतरही जिथे होती तिथेच. चिमटा झुलतोय, पकड वेळेवर उघडते-मिटते, आलेख देखणा दिसतो. माझ्या त्या चार महिन्यांच्या नोंदींमधले काही दिवस नक्की असेच असणार. कोणते, ते शोधायची सोय मीच ठेवली नव्हती.